बॉक्सिंगवर बंदी आणावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिंगमध्ये कुणाचा जीव गेला की हा वाद पेटतो. आठ-पंधरा दिवस चालतो आणि पुढच्या मृत्यूपर्यंत सगळे विसरून जातात. मी बरीच वर्षं बॉक्सरच्या कॉर्नरला उभा राहिलो आहे. दोन राउंडांमधल्या एका मिनिटात स्टूल सरकवायचं, तोंडातला गार्ड काढून धुवायचा, सुजत चाललेल्या डोळ्याखाली बर्फात ठेवलेला लोखंडी ठोकळा दाबायचा, हे माझं काम. त्यामुळे बंदी मागणारेही मला प्रश्न विचारतात आणि मुलाला खेळायला पाठवू का म्हणणारे आईवडीलही. उत्तरं देताना मी माझं मत लपवलेलं नाही. या खेळावर माझा जीव आहे, आणि बंदी मागणाऱ्या डॉक्टरांचं बरंचसं म्हणणं खरं आहे असंही मला वाटतं.

बंदीची मागणी नेमकी कोण करतं?

सगळ्यात ठामपणे डॉक्टर. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 1982 साली बंदीच्या बाजूने ठराव केला. 1983 मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने तीच भूमिका घेतली आणि 1984 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने. त्याच्याही आधी ब्रिटनच्या संसदेत एडिथ समरस्किल या डॉक्टर असलेल्या खासदार व्यावसायिक बॉक्सिंग बंद करण्यासाठी झगडत होत्या. त्यांनी 1960 आणि 1962 अशी दोनदा विधेयकं आणली, दोन्ही वेळा ती मंजूर झाली नाहीत.

या लोकांना खेळाचा द्वेष आहे असं आमच्या जिममध्ये सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. रिंगमधून उचलून आणलेला माणूस शेवटी त्यांच्याच टेबलावर येतो.

गिर्यारोहणात, घोडेस्वारीत, मोटर रेसिंगमध्येही माणसं मरतात. मग बॉक्सिंगच का?

हा प्रश्न बॉक्सिंगवाले हमखास विचारतात. मीही पूर्वी विचारायचो. पण त्याचं उत्तर फार अवघड नाही. घोड्यावरून पडणं हा घोडेस्वारीतला अपघात आहे. स्वार पडला नाही तर शर्यत जास्त चांगली होते. बॉक्सिंगमध्ये समोरच्याच्या डोक्यावर नेमका आणि जोरदार ठोसा बसला, तर त्याचे गुण मिळतात. तो इतका जोरात बसला की माणसाची शुद्ध हरपली, तर लढत तिथेच जिंकली. नॉकआउट म्हणजे वैद्यकाच्या भाषेत मेंदूला बसलेला धक्का, आणि आमच्या खेळात तो विजयाचा सर्वोच्च प्रकार आहे.

म्हणून मृत्यूंच्या आकड्यांची तुलना करून या वादाचा निकाल लागत नाही. डॉक्टरांचा आक्षेप खेळाच्या हेतूवर आहे, आणि तो आक्षेप खरा आहे हे आधी मान्य करायला हवं. मान्य करूनही बंदी नको असं म्हणता येतं का, हा पुढचा प्रश्न. माझ्या मते येतं.

डोक्याला ठोसा बसतो तेव्हा आत काय होतं?

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. हा मऊ अवयव पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. कपाळावर समोरून बसलेला ठोसा डोकं मागे ढकलतो. हनुवटीच्या कडेला बसलेला हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, मात्र डोकं गर्रकन फिरवतो, आणि खरा घात तिथे होतो. कवटी फिरते, मेंदू क्षणभर मागे राहतो आणि मग तोही ओढला जातो. या पिळात मेंदूतले लांब, बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. हनुवटी खाली दाबून धर, खांद्याआड लपव, असं पहिल्या दिवसापासून शिकवतात ते यासाठीच.

दुसरा प्रकार जिवावर बेतणारा. मेंदूच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या आवरणाकडे काही शिरा जातात. डोकं जोरात फिरलं की त्या ताणून फाटतात. रक्त साचत जातं आणि मेंदूवर दाब वाढत जातो. रिंगमधल्या बहुतेक मृत्यूंमागे हाच रक्तस्राव असतो. तो लगेच दिसेलच असं नाही. बॉक्सर स्वतःच्या पायांनी ड्रेसिंग रूममध्ये येतो, बुटाची नाडी सोडायला बसतो, डोकं दुखतंय म्हणतो. मग उलटी होते. मग शब्द जड होतात. तिथून पुढे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं, कारण कवटी उघडून दाब कमी करणं हाच उपाय उरतो.

‘पंच ड्रंक’ म्हणजे काय?

1928 मध्ये हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने हा शब्द वैद्यकीय लेखात वापरला. जिममध्ये तो आधीपासून होता. दारू न पिता झोकांड्या खाणारा, बोलताना जीभ अडखळणारा, हात थरथरणारा निवृत्त बॉक्सर लोकांनी पाहिलेला होता. मार्टलँडने त्यामागे मेंदूची इजा आहे असं मांडलं.

1969 मध्ये ब्रिटनमध्ये ए. एच. रॉबर्ट्स यांनी 224 निवृत्त व्यावसायिक बॉक्सरांची तपासणी केली. त्यातल्या 17 टक्के जणांमध्ये मज्जासंस्थेची इजा आढळली. जितकी कारकीर्द लांब आणि लढती जास्त, तितका धोका वाढत गेलेला दिसला. 1973 मध्ये कॉर्सेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 15 मृत बॉक्सरांचे मेंदू तपासले आणि झीज नेमकी कुठे होते ते दाखवलं. आज या आजाराला सीटीई म्हणतात. टाऊ नावाचं प्रथिन मेंदूत गुठळ्या धरून साचत जातं. जिवंतपणी याचं पक्कं निदान करता येत नाही, ते मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं.

इथे महंमद अलीचं नाव निघतंच. 1984 मध्ये त्यांना पार्किन्सनचं निदान झालं, आणि 2016 मध्ये ते गेले. त्यांचा आजार ठोशांमुळेच होता असं छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण पार्किन्सन कधीही ठोसा न खाल्लेल्यांनाही होतो. पण 1980 मध्ये तेव्हाचा जगज्जेता लॅरी होम्ससमोर त्यांना उभं करायला नको होतं, हे म्हणायला कोणत्याही निदानाची गरज नाही.

ग्लोव्हज आणि हेडगार्ड असतात ना? मग एवढं काय?

हा मोठा गैरसमज आहे. ग्लोव्हज मुख्यतः मारणाऱ्याच्या हाताचं रक्षण करतात. उघड्या मुठीने कवटीवर जोरात मारलं तर हाताची हाडं मोडतात, त्यामुळे उघड्या मुठीने लढणारे डोक्यावर मारताना हात राखून मारायचे. 1867 च्या क्वीन्सबेरी नियमांनी ग्लोव्हज आले, तीन मिनिटांचे राउंड आले, खाली पडलेल्याला उठायला दहा सेकंद मिळू लागले. खेळ सभ्य दिसायला लागला, चेहरे कमी फाटले, आणि डोक्यावर पुन्हा पुन्हा, पूर्ण ताकदीने मारणं शक्य झालं.

हेडगार्डचंही तसंच. भुवई फुटणं, कान सुजणं, चेहऱ्यावरच्या जखमा यांपासून तो वाचवतो. डोकं गर्रकन फिरणं तो थांबवू शकत नाही. शिवाय बाजूचं कमी दिसतं आणि डोक्याचा आकार वाढल्यामुळे लक्ष्यही मोठं होतं. 1984 च्या ऑलिम्पिकपासून हेडगार्ड सक्तीचे होते. 2013 मध्ये पुरुषांच्या स्पर्धांतून ते काढण्यात आले आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष त्यांच्याशिवाय लढले. त्या निर्णयावर अजून वाद आहे. माझा अनुभव एवढाच की डोक्यावर हेडगार्ड चढला की सरावातली पोरं जास्त जोरात मारतात आणि जास्त मार खाऊन घेतात.

हौशी बॉक्सिंग तरी सुरक्षित म्हणावं का?

व्यावसायिकपेक्षा नक्कीच कमी धोक्याचं. तीन राउंड म्हणजे नऊ मिनिटं. पुरुषांच्या व्यावसायिक विजेतेपदाच्या लढतीत बारा राउंड, म्हणजे छत्तीस मिनिटं. हौशी लढतीत रेफरी लवकर हस्तक्षेप करतो, उभ्या बॉक्सरलाही आठपर्यंत मोजतो, आणि डॉक्टरने नाही म्हटलं तर विषय संपतो. पण सुरक्षित हा शब्द मी वापरणार नाही. ठोसा त्याच डोक्यावर बसतो.

कुठल्या देशांनी बंदी घातली होती? पुढे काय झालं?

स्वीडनमध्ये बॉक्सिंगला कायद्याची आडकाठी असल्यामुळे 1912 च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये हा खेळच नव्हता. नंतर तिथे खेळ फोफावला, 1959 मध्ये इंगेमार योहानसन हा स्वीडिश बॉक्सर हेवीवेट जगज्जेता झाला. तरीही 1970 मध्ये स्वीडनने व्यावसायिक बॉक्सिंग बंद केलं. 2006 मध्ये अटी घालून पुन्हा परवानगी दिली. आइसलँडने 1956 मध्ये सरसकट बंदी घातली आणि 2002 मध्ये फक्त हौशी बॉक्सिंग परत आणलं. क्यूबाने क्रांतीनंतर व्यावसायिक खेळच बंद केले. तिथले हौशी बॉक्सर मात्र दशकानुदशकं ऑलिम्पिक गाजवत राहिले. 2022 मध्ये त्यांना व्यावसायिक लढतींची मुभा मिळाली.

नॉर्वेचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. तिथे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी होती. त्याच देशाची सिसिलिया ब्रेकहुस जगज्जेती झाली, पण तिच्या लढती जर्मनीत, डेन्मार्कमध्ये. स्वतःच्या देशात तिला पैसे घेऊन ठोसा मारता येत नव्हता. 2014 च्या अखेरीस संसदेने बंदी उठवली आणि ऑक्टोबर 2016 मध्ये ती ऑस्लोमध्ये, आपल्या माणसांसमोर लढली.

यातून बंदी निरुपयोगी असते असं सिद्ध होत नाही. त्या देशांच्या हद्दीत तेवढ्या वर्षांत व्यावसायिक लढती झाल्या नाहीत, म्हणजे त्या लढतींत होणाऱ्या इजाही झाल्या नाहीत. बंदीच्या बाजूचा हा प्रामाणिक मुद्दा आहे. पण ज्यांना लढायचं होतं ते सीमा ओलांडून गेले, आणि त्यांच्या मेंदूची जबाबदारी मायदेशाच्या हातात राहिली नाही.

बंदी घातली तर चोरून लढती होतील, हे खरं की नुसती भीती?

इतिहासात झालेल्या आहेत. 1889 मध्ये जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन यांची उघड्या मुठींची लढत अमेरिकेत बेकायदा होती. म्हणून जागा गुप्त ठेवून ती मिसिसिपी राज्यातल्या रिचबर्ग इथे भरवली. जुलैच्या उन्हात 75 राउंड. 1896 मध्ये तर आणखी विलक्षण प्रकार घडला. टेक्सास राज्याने लढतींना मनाई केली होती, म्हणून फिट्झसिमन्स आणि माहर यांच्यासाठी रिओ ग्रांदे नदीच्या पात्रातल्या वाळूच्या बेटावर, मेक्सिकोच्या बाजूला, रिंग उभारली गेली. टेक्सासचे सशस्त्र रेंजर अलीकडे उभे राहून बघत राहिले. लढत पहिल्याच राउंडमध्ये, दोन मिनिटांच्या आत संपली. न्यूयॉर्कमध्ये काही वर्षं जाहीर लढतींना बंदी होती तेव्हा क्लब निघाले. प्रेक्षक त्या रात्रीपुरता सभासद, बॉक्सरही त्या रात्रीपुरते सभासद, म्हणजे सगळं खासगी.

वाळूच्या बेटावर रुग्णवाहिका नसते. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. आज परवाना, रक्ततपासणी, मेंदूचं स्कॅन, नॉकआउटनंतरची सक्तीची विश्रांती हे सगळं कायदेशीर चौकटीत बसतं म्हणून होतं. चोरून खेळणाऱ्याला परवाना कोण नाकारणार?

दोन सज्ञान माणसं स्वखुशीने लढत असतील तर सरकारने मध्ये का पडावं?

इंग्लंडच्या कायद्याने यावर शतकभर विचार केला आहे. 1882 च्या कोनी खटल्यात न्यायालयाने उघड्या मुठींच्या बक्षिसी लढती बेकायदा ठरवल्या. दोघांची संमती असली तरी असं मारणं गुन्हाच, असं म्हटलं. ग्लोव्हज घालून, नियमांत होणाऱ्या बॉक्सिंगला मात्र मुभा राहिली. 1993 मध्ये ब्राउन खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, संमतीने केलेली इजाही गुन्हा ठरू शकते असा निर्णय दिला, आणि तिथेही बॉक्सिंग हा अपवाद म्हणून मान्य केला गेला. म्हणजे ‘संमती आहे ना, मग झालं’ हे कायद्यालाही पुरेसं वाटत नाही. बॉक्सिंगला मिळालेली सूट ही समाजाने दिलेली सवलत आहे आणि ती अटींवरच टिकते.

संमतीबद्दल मला एक गोष्ट टोचते. धोका कळून दिलेली संमती वेगळी आणि दुसरा रस्ता नाही म्हणून दिलेली संमती वेगळी. रिंगमध्ये उतरणाऱ्यांत गरीब घरातली पोरं सगळीकडेच जास्त दिसतात. यावर बंदीवाले म्हणतात, म्हणूनच त्यांना वाचवा. पण ज्याला बॉक्सिंगने शिस्त, ओळख आणि चार पैसे दिले, त्याच्याकडून ते काढून घेताना आपण त्याच्या हातात दुसरं काय ठेवणार आहोत? याचं उत्तर मी बंदीच्या एकाही समर्थकाकडून समाधानकारक ऐकलेलं नाही. आमच्या बाजूनेही अप्रामाणिकपणा आहे. सतरा वर्षांच्या मुलाकडून संमतीपत्रावर सही घेताना सीटीई म्हणजे काय हे बसून समजावणारे किती?

इतके मृत्यू झाले, त्यातून काही सुधारलं का?

सुधारलं. पण जवळजवळ प्रत्येक सुधारणेच्या मागे एक प्रेत किंवा एक जायबंदी माणूस आहे.

13 नोव्हेंबर 1982 रोजी लास वेगासमध्ये किम डुक-कू हा कोरियन बॉक्सर रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या राउंडमध्ये कोसळला आणि काही दिवसांनी गेला. तेव्हा विजेतेपदाच्या लढती पंधरा राउंडांच्या असत. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने लगेच त्या बारावर आणल्या, इतर संघटनांनी त्याच दशकात.

21 सप्टेंबर 1991 रोजी लंडनमध्ये मायकेल वॉटसन ख्रिस युबँकविरुद्ध बाराव्या राउंडमध्ये हरला आणि कोसळला. रिंगजवळ तातडीचे उपचार देण्याची पुरेशी व्यवस्था नव्हती, आणि आधी जिथे नेलं तिथे मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती. तो 40 दिवस कोमात होता. पुढे त्याने ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डावर दावा लावला आणि 2000 मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की खेळाडूच्या वैद्यकीय सुरक्षेची काळजी घेणं हे बोर्डाचं कर्तव्य होतं. खेळ चालवणाऱ्यांना हा निकाल कायमचा बांधून गेला. 2003 मध्ये वॉटसनने लंडन मॅरेथॉन पूर्ण केली. सहा दिवस लागले. शेवटच्या टप्प्यात त्याचे सर्जन आणि स्वतः युबँक त्याच्यासोबत चालत होते.

बेनी पॅरेटची गोष्ट मात्र मी जास्त वेळा सांगतो. 24 मार्च 1962, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, एमिल ग्रिफिथविरुद्ध बारावा राउंड. कोपऱ्यात दोरांना टेकलेला पॅरेट एकामागून एक ठोसे खात राहिला आणि रेफरी उशिरा मध्ये आला. 3 एप्रिलला पॅरेट गेला. लोकांना तो राउंड आठवतो. पण त्याच्या साडेतीन महिने आधी, डिसेंबर 1961 मध्ये, जीन फुलमरने त्याला बेदम मारून नॉकआउट केलं होतं. त्यानंतर इतक्या लवकर त्याला रिंगमध्ये उतरू देणाऱ्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. आणि मारणाराही सुटला नाही. ग्रिफिथला उतारवयात बॉक्सिंगमुळे होणारा स्मृतिभ्रंश जडला.

सुधारणा झाल्या, तर मग आता मृत्यू थांबले का?

नाही. 2 ऑगस्ट 2025 रोजी टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये एकाच रात्रीच्या दोन वेगवेगळ्या लढतींनंतर दोन बॉक्सर मेंदूतल्या रक्तस्रावाने कोसळले. दोघेही 28 वर्षांचे. एक 8 ऑगस्टला गेला, दुसरा 9 ला. त्यातल्या एकाची लढत बारा राउंड चालून बरोबरीत सुटली होती, म्हणजे कुणी त्याला नॉकआउट केलेलं नव्हतं. त्यानंतर तिथे ओरिएंटल अँड पॅसिफिक विजेतेपदाच्या लढती बारावरून दहा राउंडांवर आणल्या गेल्या. जपानमध्ये नियम सैल आहेत असं कुणी म्हणू शकत नाही.

कॉर्नरमधली माणसं वेळेवर लढत का थांबवत नाहीत?

हे मला आतून माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एका हौशी लढतीत दुसरा राउंड संपला आणि आमचा मुलगा परत येताना दोन पावलं चुकला. चुकीच्या कोपऱ्याकडे वळला, मग सावरून आमच्याकडे आला. स्टूलवर बसला, पाणी घेतलं. मी विचारलं, कितवा राउंड? तो म्हणाला, पहिला झाला ना. आवाज अगदी साधा, चेहऱ्यावर एक ओरखडा नाही. गुणांत तो पुढे होता. माझ्याकडे चाळीस सेकंद होते. त्याचा प्रशिक्षक म्हणाला, तीनच मिनिटं राहिलीत, निघून जातील. त्याचे वडील पहिल्या रांगेत होते. मी रेफरीला हात केला आणि लढत सोडली. पुढचे कित्येक महिने तो मुलगा माझ्याशी बोलला नाही. त्या दिवशी तो तिसरा राउंड लढला असता तर बहुधा काहीही झालं नसतं, हेही मला माहीत आहे. थांबवणाऱ्याला आपण बरोबर होतो याचा पुरावा कधीच मिळत नाही. म्हणून माणसं थांबवत नाहीत.

2019 मध्ये मॅक्सिम दादाशेवचा प्रशिक्षक बडी मॅकगर्ट अकराव्या राउंडनंतर त्याला आता पुरे म्हणून विनवत होता. बॉक्सर मान हलवून नाही म्हणत राहिला. मॅकगर्टने लढत थांबवली. तो योग्य वागला, आणि तरीही उशीर झालेला होता. चार दिवसांनी दादाशेव गेला.

मग तुमचा नेमका मुद्दा काय? बंदी हवी की नको?

सज्ञानांच्या बॉक्सिंगवर सरसकट बंदी नको. पण बॉक्सिंग जसं चाललंय तसं चालू द्या, असंही माझं म्हणणं नाही. माझा मुद्दा असा की आपण सगळा वाद लढतीवर घालतो आणि मेंदू झिजतो तो सरावात.

साधा हिशेब करा. एका मोठ्या लढतीसाठी आठ आठवड्यांची तयारी धरा. आठवड्यातून तीन दिवस स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, दर वेळी सहा राउंड. झाले 144 राउंड. लढत बाराची. लढतीला रेफरी आहे, डॉक्टर आहे, रुग्णवाहिका आहे, कॅमेरे आहेत. त्या 144 राउंडांना यातलं काहीही नाही. सरावात मुलगा गुडघ्यावर आला तर कुठे नोंद होत नाही. रिंगमध्ये नॉकआउट झाला तर सक्तीची विश्रांती मिळते. तोच नॉकआउट जिममध्ये झाला तर तोंडावर पाणी मारतात, आणि गुरुवारी तो परत ग्लोव्हज बांधतो. पैसे घेऊन स्पॅरिंग पार्टनर म्हणून उभे राहणारे तर आणखी वाईट अवस्थेत असतात. त्यांचं नाव कुठल्याही पोस्टरवर नसतं आणि मार ते जगज्जेत्यांचा खातात.

म्हणून परवाना जिमलाही असावा. कडक स्पॅरिंगच्या राउंडांना मर्यादा असावी, प्रत्येक राउंडची नोंद असावी, आणि जिममध्ये बसलेल्या धक्क्यालाही रिंगइतकीच विश्रांती सक्तीची असावी. पॅड, बॅग, शॅडो (एकट्याने हवेत मारणं), ठोसा न लावता केलेला पायांचा आणि अंतराचा सराव यांवर खेळाचा बहुतांश भाग शिकता येतो. हे सगळं केलं तरी खेळाचा हेतू बदलत नाही, हा डॉक्टरांचा आक्षेप शिल्लक राहतो. त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. धोका कमी करता येतो आणि उरलेला धोका सज्ञान माणूस समजून-उमजून घेऊ शकतो, इतकंच मी म्हणू शकतो.

डोक्यावर मारायलाच बंदी घातली तर?

ही सूचना जुनी आहे. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ती कुणी स्वीकारेल असं दिसत नाही, कारण डोकं वाचवण्याच्या कलेवरच हा खेळ उभा आहे. ठोसा केसाच्या अंतराने चुकवणं, खांद्यावरून घसरवणं, हे सौंदर्य डोकं लक्ष्य आहे म्हणूनच जन्माला आलं. मोठ्यांच्या खेळात हा बदल मी मागणार नाही. मुलांच्या खेळात मागेन.

मुलांनी खेळावं का?

अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2011 मध्ये संयुक्त निवेदन काढून मुलांच्या आणि किशोरांच्या बॉक्सिंगला स्पष्ट विरोध केला. माझं मत: अठरा वर्षांखाली डोक्यावर ठोसा नाही. ना स्पर्धेत, ना सरावात. अशक्य वाटतं? फुटबॉलकडे बघा. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने 2015 मध्ये दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना चेंडू डोक्याने मारायलाच मनाई केली. तिथे डोक्यावर चेंडू आदळतो, आमच्याकडे मूठ.

अठरापर्यंत फक्त शरीरावर मारून खेळलेला मुलगा मागे पडेल, असं प्रशिक्षक म्हणतात. काही काळ पडेलही. पण तो अठराव्या वर्षी चांगले पाय, चांगला श्वास आणि शाबूत मेंदू घेऊन येईल, आणि डोक्याचा धोका घ्यायचा की नाही ते तेव्हा स्वतः ठरवेल.

महिलांच्या बॉक्सिंगला वेगळे निकष हवेत का?

नकोत. मेंदू तोच, धोका तोच. 2012 पासून महिला ऑलिम्पिकमध्ये लढतात. नाजूक म्हणून त्यांना रोखायचं आणि पुरुषांना मोकळीक द्यायची, याला काही आधार नाही.

ऑलिम्पिकमधून बॉक्सिंग जाणार होतं ना?

त्याचं कारण आरोग्य नव्हतं. जुन्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा कारभार, पैशांचे व्यवहार आणि जजांच्या निकालांवरचा संशय यांमुळे 2023 मध्ये ऑलिम्पिक समितीने तिची मान्यता काढून घेतली. मार्च 2025 मध्ये 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी बॉक्सिंगचा समावेश पक्का झाला.

माझी मुलगी क्लबमध्ये जायचं म्हणतेय. काय बघून ठरवू?

भिंतीवरच्या पदकांकडे बघू नका. संध्याकाळी न सांगता जा आणि तासभर कोपऱ्यात बसा. नवीन आलेल्यांना पहिल्या महिन्यात स्पॅरिंगला उभं करत असतील तर परत या. वजनात आणि अनुभवात मोठा फरक असलेली जोडी रिंगमध्ये दिसली तर परत या. ‘मार खाल्ल्याशिवाय शिकत नाही’ हे वाक्य ऐकू आलं तरी परत या. प्रशिक्षकाला सरळ विचारा, की एखाद्याला सरावात चक्कर आली तर तुम्ही काय करता, आणि तो परत कधी ग्लोव्हज घालतो ते कोण ठरवतं. चांगला प्रशिक्षक या प्रश्नाने चिडत नाही. तो तुम्हाला बसवून घेतो, वही काढतो आणि कुणाला कधी आणि का थांबवलं ते दाखवतो. अशी वही असलेला क्लब सापडला, तर मुलीला दोरीउड्यांची दोरी घेऊन द्या आणि पाठवा.